केसांतले रविवार

ऋतुराज पवळेचा कुत्रा मेला तेव्हा त्याला कुणी सांगितलं नाही. कराडच्या घरच्यांनी त्याच रंगाचा दुसरा कुत्रा आणला, त्यालाही वाघ्याच म्हणू लागले, आणि दिवाळीला ऋतुराज घरी गेला तेव्हा तो वाघ्या त्याच्यावर भुंकला. कुत्री वय झालं की विसरतात, असं त्याची बहीण सोनल अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली. जुन्या वाघ्याच्या डाव्या कानाला चीर होती, ही गोष्ट ती विसरली असावी. ऋतुराजने नव्या वाघ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय वाढवला नाही. त्या वर्षी त्याच्याशी बोलताना कुणीच कुठलाही विषय वाढवत नसे.

याला कारण होतं त्याचे केस.

ऋतुराज पुण्यात नर्स होता, आणि ज्या देशात जायला तो धडपडत होता तो उत्तरेकडचा, थंड आणि म्हाताऱ्या माणसांचा देश होता. तिथे नर्स हव्या होत्या, मिळतील तितक्या हव्या होत्या. पण बाहेरून आलेल्या नर्स दोन-तीन वर्षांत खचायच्या, अंथरूण धरायच्या, आणि त्यांच्याच शुश्रूषेला आणखी नर्स लागायच्या. तेव्हा त्या देशाने भाजी निवडून घ्यावी तशी माणसं निवडून घ्यायचं ठरवलं. ज्याच्या मनाला ताण सोसत नाही त्याला व्हिसा नाही. आणि ताण मोजायचा तो केसांतून.

विज्ञान तसं साधं आहे. मनावर ताण आला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. रक्तातून ते लवकरच ओसरतं, म्हणून रक्त तपासलं तर फार तर आजचं कळतं. पण रक्त केसांच्या मुळांशीही जातं, आणि त्या वेळी जो केस घडत असतो त्यात या द्रव्याचा अंश अडकून पडतो. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे मुळापासून जितकं लांब जावं तितके मागचे महिने हाताला लागतात. हे जुनंच ज्ञान होतं, पण पूर्वी केस कुटून महिन्या-दोन महिन्यांची सरासरी तेवढी काढता येई. नवं यंत्र लेझरच्या बारीक किरणाने केस टोकापासून मुळापर्यंत कणाकणाने जाळत जाई आणि निघणाऱ्या वाफेतून एकेका दिवसाचा ताण वाचून काढी. त्याला केशलेख म्हणत. ताण कशाचा होता हे यंत्राला कळत नसे, तो कुठल्या दिवशी होता एवढंच कळे.

या यंत्राने पुण्यातल्या किती घरांचं वळण बदललं याची कुणी मोजदाद केली नाही. रस्त्यात मानेवर केस रुळणारा तरुण दिसला की लोक समजून जात, हा अर्ज करणारा आहे. मुली मात्र केस आखूड करत, कारण लांब वेणीत फार वर्षं मावतात. सोसायट्यांमध्ये शांततेचे वर्ग निघाले. अर्जदार असलेल्या घरात भांडण झालंच तर ते गच्चीवर जाऊन होई.

ऋतुराजचा पहिला अर्ज नामंजूर झाला तो मोठ्या गमतीच्या कारणाने. त्याच्या केसांत ताण सापडला होता, पण तो अतिदक्षता विभागातल्या कामाचा नव्हता. तिथे रोज मरणं बघूनही त्याचे केस शांत होते. ताण होता तो कागदपत्रं गोळा करण्याच्या, पोलीस दाखल्याच्या, मुलाखतीच्या दिवसांवर. अर्जाचा ताण येतो म्हणून अर्ज नाकारला गेला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. दुसरा अर्ज करता येत होता, तिसरा नाही. दुसऱ्यांदा नाकारलेल्या माणसाला ते दार कायमचं बंद होत असे.

आणि त्या दाराच्या पलीकडे त्याची बायको होती. मानसीही नर्स, त्याच्याच वर्गातली. तिचा अर्ज पहिल्याच फटक्यात मंजूर झाला आणि ती पुढे गेली. तू मागून येच, असं ठरलं होतं. जाताना तिला दिवस गेलेले होते हे दोघांनाही माहीत नव्हतं. तारा तिकडेच जन्मली. ती आता चालायला लागली होती आणि ऋतुराजने तिला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं. मोबाईलवर ती त्याला बघे आणि काचेवर जीभ लावी. मानसीलाही परवान्याच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी केस द्यावे लागत, त्यामुळे नवराबायको एकमेकांना फक्त चांगलं सांगत. सुरुवातीला यात मजा वाटायची. पुढे पुढे दोघांना बोलायला विषय कमी पडू लागले.

दुसऱ्या अर्जासाठी त्याने देवस्थळी मॅडम नावाच्या सल्लागार गाठल्या. त्यांनी त्याला अतिदक्षतेतून बाहेरच्या रुग्णविभागात बदली घ्यायला लावली, बातम्या बंद केल्या आणि कराडला स्वतः फोन करून घरच्यांची शाळा घेतली. आठ महिने मुलाला एकही वाईट बातमी द्यायची नाही. शिवाय नवा नियम आला होता. दर रविवारी मोबाईलवर व्हिसा कार्यालयाचा एक आवाज विचारी, आपल्या माहितीप्रमाणे घरी कुणाचा आजार, मृत्यू, तंटा आहे का? त्याला उत्तर द्यायचं. ऋतुराज उत्तर देई, नाही.

घरच्यांनी हे काम इतकं मनावर घेतलं की विचारू नका. त्यांत सगळ्यात पुढे होते आप्पा.

आप्पा म्हणजे ऋतुराजचे वडील सर्जेराव पवळे. कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. गाड्या येण्याजाण्याची घोषणा करणारा तो खणखणीत आवाज तालुक्यात प्रसिद्ध होता. लाऊडस्पीकर बंद पडला तरी स्टँडवर कुणाची गाडी चुकत नसे. लग्नात, बारशात लोक त्यांना आग्रह करत आणि मग आप्पा गुहागर गाडीचे थांबे एका दमात म्हणून दाखवत. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, घाटमाथा, पोफळी, शिरगाव, चिपळूण, रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी, गुहागर. लहानपणी ऋतुराज त्यांच्या मांडीवर बसून हे ऐके आणि घाटमाथ्याच्या पुढे स्वतःचाच श्वास रोखून धरी. आप्पांना व्हिडिओवर बोलणं मुळीच आवडत नसे. तोंड काय बघायचंय, आवाज ऐक, असं म्हणत. दर रविवारी संध्याकाळी ऋतुराज फोन करी आणि आप्पा हॅलोच्या ऐवजी गुहागर गाडी सोडत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गाडी पोफळीला थांबली.

थांबली म्हणजे अगदी क्षणभर. आप्पांनी एक छोटा श्वास घेतला, शिरगाव म्हटलं आणि पुढे गेले. रामपूरच्या आधी आणखी एक घेतला. शेवटी कोरडा खोकला येऊ पाहत होता, तो त्यांनी गिळला. 'काय म्हणतंय पुणं?' असं नेहमीसारखं विचारलं. मागे कुठेतरी एक घरघर ऐकू येत होती, आणि त्या घरघरीत ठरावीक वेळाने फुस्स असा आवाज होता. आईने घाईघाईने सांगितलं की नवा कूलर घेतलाय. फेब्रुवारीत कूलर.

ऋतुराजने अतिदक्षता विभागात सहा वर्षं काढली होती. ऑक्सिजनचं यंत्र कसं वाजतं हे त्याला सांगायला नको होतं. वाक्य किती शब्दांवर तुटतं यावरून फुप्फुसं किती निबर झालीत याचा अंदाज तो न तपासता करू शकत असे, आणि तो सहसा चुकत नसे. फोन कानाला लावून तो खोलीत उभा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर आप्पांच्या छातीचा फोटो स्पष्ट दिसत होता. अशा रुग्णाला वर्ष मिळालं तरी पुष्कळ.

एकच प्रश्न विचारायचा होता. आप्पा, दम का लागतोय? एवढं विचारलं असतं तर आई फोनवरच कोसळली असती, सगळं बाहेर आलं असतं, तो रात्रीच्या गाडीला बसला असता आणि रविवारच्या आवाजाला त्याला 'हो' म्हणावं लागलं असतं. मग केस गेले, व्हिसा गेला, तारा गेली. त्याने विचारलं नाही. बाहेर ऊन वाढतंय, पाणी पीत जा, असं काहीतरी बोलून त्याने फोन ठेवला. मग मोबाईलवरच्या आवाजाला सांगितलं, नाही, घरी सगळे बरे आहेत. मला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणजे मला काही माहीत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती त्याला त्या वेळी पटलीही.

पुढच्या रविवारपासून घरघर बंद झाली. तो फोन करी तेव्हा कराडच्या घरात पंखासुद्धा वाजत नसे. आप्पा गाडी सोडत, आणि आश्चर्य म्हणजे एखाद्या रविवारी ती चिपळूणपर्यंत न थांबता जाई. मग घाटमाथ्यापर्यंतच जाऊ लागली. मग आप्पा म्हणाले, आता गुहागर लोकांना पाठ झालंय, आज पाटण लोकल सोडतो. ऋतुराज हसला. हसताना त्याने तळहात भिंतीवर दाबून धरला होता. पाडव्याला येऊ का, असं त्याने एकदा विचारलं. आई म्हणाली, 'नको बाळा, उगाच दगदग. केस सांभाळ.' ते ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्याला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नव्हती, पण पाडव्याला तो गेला नाही.

एप्रिलच्या शेवटी आप्पा फोनवर येईनासे झाले. झोपलेत, देवळात गेलेत, शेजारी भजनाला बसलेत. आप्पांना भजनाचा कंटाळा होता. ऋतुराज बरं म्हणे.

मे महिन्यात त्याने केस दिले. एका मुलीने मानेच्या वरच्या भागातली बट मुळाशी कापून पाकिटात घातली आणि त्याच्याकडे बघून नम्रपणे हसली. बाहेर फुटपाथवर येऊन त्याने घरी फोन लावला. दिले केस, झालं, असं तो आईला म्हणाला. मग आईने जो हंबरडा फोडला तो त्याने भर दुपारच्या रहदारीत उभं राहून ऐकला. फोन सोनलने घेतला. 'दादा, आप्पा गेले,' ती म्हणाली. 'तेरावंही झालं काल. अग्नी मी दिला. तुला सांगू नका म्हणून त्यांनीच शपथ घातली होती.'

तो कराडला पोचला तेव्हा घर धुऊन पुसून झालं होतं आणि आप्पांची खाट गच्चीवर गेली होती. आईने त्याला जवळ बसवून सगळं सांगितलं. थंडीतच दुखणं कळलं होतं. दिवसभर नळी नाकाला असे. पण रविवारी दुपारपासून आप्पा कुणाशी एक शब्द बोलत नसत, दम साठवत. फोन वाजला की यंत्र बंद करायला लावत आणि नळी स्वतःच्या हाताने काढत. फोन ठेवला की ओठ निळे पडलेले असत, तासभर पाठ चोळावी लागे. तरी हसत म्हणत, पोराला पत्ता लागू दिला नाही बघ.

'नर्स असून फसलास,' आई डोळे पुसत म्हणाली. 'तुला काही ठाऊक नव्हतं, एवढं एक चांगलं झालं. त्याच समाधानात गेले ते.'

ऋतुराजने मान खाली घातली. आईने ती दुःखाची समजली.

बापामागे मुलाने डोकं करायचं असतं. ऋतुराज उठला तर आईनेच त्याला अडवलं. निकाल लागेपर्यंत केस काढायचे नाहीत, पुन्हा नमुना मागतात, हेही आप्पा बजावून गेले होते. भेटायला येणारे भावकीतले लोक त्याच्या मानेवरच्या केसांकडे बघत आणि चहा न घेता उठत. मानसीला आप्पांचं काहीच कळवलं नाही. तिचे केस द्यायची वेळ जवळ आली होती.

निकालाऐवजी फोन आला. खुलासा हवा होता. रविवार होता, दिवाणावर आई आणि सोनल बसल्या होत्या. तो मोबाईल घेऊन बाहेर निघाला तर आई म्हणाली, 'इथंच लाव स्पीकरवर. मलाही ऐकू दे, एवढं केलंय आपण.' तिने देवापुढे दिवाही लावला होता. तो परत बसला.

बोलणारी बाई परदेशी होती आणि तिचं बोलणं मराठीत करणारं यंत्र फारच शुद्ध बोलत होतं. इतकं शुद्ध कराडात पंचांग सांगणारे गुरुजीही बोलत नाहीत.

'आपले केस एकंदरीत शांत आहेत,' आवाज म्हणाला. 'मात्र फेब्रुवारीपासून दर रविवारी ताण अत्यंत वाढलेला दिसतो. सोमवारी उतरतो, पुढील रविवारी पुन्हा वाढतो. दर रविवारी आपण काय करीत होता?'

'घरी फोन करायचो.'

'घरी काही अडचण होती का? जवळच्या व्यक्तीचा आजार असल्यास नियमात सूट आहे.'

आईचा चेहरा एकदम उजळला. अशी सूट असते हे देवस्थळी मॅडमनीही कधी सांगितलं नव्हतं; तो शब्द तिने नेमका टिपला होता. सांग की, असं ती हातानेच खुणावू लागली. दवाखान्याचे कागद आणायला सोनल आत धावली.

'वडील आजारी होते,' ऋतुराज म्हणाला. 'ते आता नाहीत.'

'आम्हाला खेद आहे. त्यांचा आजार आपल्याला केव्हा समजला?'

आता खरी पंचाईत होती. केस दिल्यानंतर समजला म्हणावं, तर रविवारांना कारण उरत नव्हतं, आणि विनाकारण उसळणारं मन त्या देशाला नको होतं. आधी समजला म्हणावं, तर ते आईसमोर म्हणावं लागत होतं. त्याने आईकडे पाहिलं. ती उत्साहाने मान हलवत होती. तारा काचेवर जीभ लावते ते त्याला आठवलं.

'फेब्रुवारीत,' तो म्हणाला. 'पहिल्याच रविवारी. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या श्वासावरून कळलं.'

आईची मान हलायची थांबली.

'परंतु आपण प्रत्येक रविवारी घरी कुणी आजारी नसल्याचं सांगितलं आहे.'

'हो.'

'म्हणजे आपण जाणूनबुजून असत्य सांगितलं.'

'हो.'

आवाजाने आभार मानले. अर्ज नामंजूर होत आहे, हा दुसरा नकार असल्याने यापुढे अर्ज करता येणार नाही, आपला दिवस शुभ जावो, असं म्हणून तो बंद झाला. सोनल कागदांची पिशवी हातात घेऊन दारातच उभी राहिली होती.

आई ओरडली नाही. तिने पदर सारखा केला, दिव्याकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात विचारलं, 'मग आप्पा कुणासाठी नळी काढत होते रे?'

त्याने एकदा जरी म्हटलं असतं की आप्पा, मला कळलंय, नळी राहू द्या, तर ते सगळे रविवार आप्पांनी श्वास घेत काढले असते. हे आईला कळलं होतं आणि आपल्याला कळलंय हे तिने लपवलं नाही. घरात बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी काहीतरी न लपवता बोललं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रीतिसंगमावर गेला आणि घाटावरच्या न्हाव्यासमोर बसला. न्हाव्याने केस ओले केले आणि कोण गेलं ते विचारलं. वडील, असं तो म्हणाला. दहावा का, असं न्हाव्याने विचारलं. ऋतुराजने नुसती मान हलवली. लांब केसांच्या बटा मांडीवर पडत होत्या. न्हाव्याने शेवटी कापड झटकलं आणि केस पायऱ्यांवरून घरंगळत पाण्याकडे गेले.

पुढच्या रविवारी मानसीचा व्हिडिओ फोन आला. पडद्यावर आधी तारा होती. तिने त्याच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, तिचे ओठ वाकडे झाले आणि तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. बाबा आहे गं, बाबा, असं मानसी तिला समजावत होती. समजावता समजावता तिने पडद्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

साताऱ्याकडची मुलगी ती. मुलाचं डोकं केलेलं दिसलं म्हणजे घरात काय झालं असेल हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शिवाय तीही नर्स होती.

'डोक्यात कोंडा फार झाला होता,' ऋतुराज म्हणाला. 'उन्हाळाही आहे. काढून टाकले.'

'आणि व्हिसाचं?'

'अजून काही कळलं नाही.'

ताराचं रडणं थांबेना. तिला हसवायला काय करावं ते त्याला सुचेना, आणि मग त्याला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून त्याने छाती भरून श्वास घेतला आणि गाडी सोडली. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक. आवाज आप्पांचाच होता. तारा दचकून गप्प झाली आणि वळून बघू लागली. घाटमाथा, पोफळी. तिथे त्याचा दम तुटला. त्याने पुन्हा श्वास घेतला, शिरगाव म्हटलं आणि गाडी तिथेच थांबवली. तो मोबाईल नीट धरण्याच्या निमित्ताने क्षणभर तोंड बाजूला करून उभा राहिला.

मानसी सगळं ऐकत होती. केस द्यायला तिला पुढच्याच महिन्यात जायचं होतं. तिने ताराला दुसऱ्या कडेवर घेतलं, डोळे मोठे करून हसली आणि म्हणाली, 'छान दिसतोयस. पाणी पीत जा, ऊन वाढलंय ना तिकडे.'

बाकी तिने काही विचारलं नाही.